आधी लेन्स, मग कॅमेरा

खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यावर काही वर्षं हौसेने फोटो काढलेला माणूस पहिला डीएसएलआर घेतो, तेव्हा सुरुवातीच्या पंधरा दिवसांत बहुतेक वेळा त्याचा विरसच होतो. जुन्या कॅमेऱ्याला दहापट झूम होता. एवढे पैसे मोजून आणलेल्या नव्या कॅमेऱ्याची १८-५५ ची किट लेन्स जेमतेम तिप्पट झूम करते. घरच्या कार्यात ग्रुप फोटो काढावा, तर पुढच्या रांगेतली मुलं लख्ख आणि मागे उभे राहिलेले काका-काकू धूसर. जास्वंदीच्या फुलापासून दोन बोटांवर कॅमेरा नेऊन पुंकेसर टिपायची सवय झालेली असते. ही लेन्स वीतभराच्या आत फोकसच घेत नाही. रंगही जरा फिके वाटतात. 'यापेक्षा जुनाच बरा होता' असं मनात येतं आणि महागडा कॅमेरा कपाटात जातो. कॅमेरा वाईट नसतो आणि घेणाऱ्याची हौसही खोटी नसते. गडबड खरेदीच्या रीतीत असते. डीएसएलआर म्हणजे आपल्याच छोट्या कॅमेऱ्याची मोठी आवृत्ती असं धरून आपण दुकानात जातो, बॉडीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहतो आणि लेन्स सोबत येईल ती घेतो. हा क्रम उलटा हवा. आजवर कोणते फोटो काढावेसे वाटले पण जमले नाहीत, हे आधी ठरवावं. त्यावरून लेन्स ठरवावी. आणि ती लेन्स जिच्यावर नीट चालेल अशी बॉडी सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घ्यावी.

असं का, हे समजायला सेन्सरपासून सुरुवात करावी लागते. बहुतेक पॉइंट अँड शूट कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास; करंगळीच्या नखावर तो सहज मावेल. पहिल्या खरेदीच्या टप्प्यातल्या डीएसएलआरमध्ये एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर असतो. निकॉनचा २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचा किंचित लहान, २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ बारा-तेरा पट. पावसात पागोळ्यांखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात कशात किती पाणी साठेल, तोच हिशोब इथे उजेडाचा आहे. कमी उजेडातला फोटो छोट्या कॅमेऱ्यावर रवाळ, डागाळलेला येतो तो वाटी लहान असल्यामुळे. पण परातीचे स्वतःचे काही नियम असतात. छोट्या कॅमेऱ्यातली दहापट झूमची लेन्स खरोखर मोजली तर साधारण साडेचार ते ४५ मिलिमीटरची असते. तिच्या शेवटच्या टोकाला जितकं जवळचं दिसतं, तितकं मोठ्या सेन्सरवर दिसायला सुमारे १६० मिलिमीटरची लेन्स लागते, म्हणून ती खिशात मावत नाही आणि किटमध्ये मिळतही नाही. धूसर काका-काकूंचं उत्तरही इथेच आहे. छोट्या सेन्सरवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ २.८ ठेवलं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), तरी पुढून मागेपर्यंत जेवढं स्पष्ट येतं, तेवढं डीएसएलआरवर यायला जवळजवळ एफ १० लागतं. म्हणजे ग्रुप फोटोला अ‍ॅपर्चर एफ ८ किंवा त्याच्या पुढे न्यायचं, एवढं कळलं की मागची रांग परत स्पष्ट होते. रंगांचं म्हणाल तर छोटे कॅमेरे फोटो आतल्या आत बराच गडद आणि धारदार करून देतात, डीएसएलआर ते काम जरा हात राखून करतो. मेनूत जाऊन ते वाढवता येतं.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र इतकं महत्त्व द्यायचं कारण नाही. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यावर बांधलेला पहिला व्यावसायिक डीएसएलआर १.३ मेगापिक्सेलचा होता. १९९९ चा निकॉन डी १ सुमारे २.७ मेगापिक्सेलचा, आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्यावर रोजचं काम केलं. २००३ मध्ये कॅननचा ३००डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत आला आणि डीएसएलआर पहिल्यांदा हौशी माणसाच्या आवाक्यात आला, तो ६.३ मेगापिक्सेलचा होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत हा आकडा २४ वर गेला. सहाचे चोवीस म्हणजे चौपट वाटतं, पण चित्राची लांबी आणि रुंदी फक्त दुप्पट होते. सहा मेगापिक्सेलच्या निकॉन डी ४० चं चित्र ३००८ बाय २००० ठिपक्यांचं. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान त्यावरून छापलं, तर इंचामागे १६७ ठिपके पडतात. मांडीवर अल्बम ठेवून पाहणाऱ्याला तेवढे पुरतात. पूर्ण एचडी टीव्हीच्या पडद्यावर मुळात ठिपके असतात वीस लाखांच्या आसपास, म्हणजे दोन मेगापिक्सेल. फोटो बराच कातरून वापरायचा असेल, दूरचा पक्षी कोपऱ्यातून उचलून मोठा करायचा असेल, तिथे जादा मेगापिक्सेल खरोखर कामी येतात. बाकीच्यांनी १८ आणि २४ यांत घोळत बसू नये.

आता न जमलेल्या फोटोंकडे वळू. मराठी घरात या यादीच्या वरच्या टोकाला हमखास असतं ते शाळेचं गॅदरिंग. सभागृहातले दिवे मालवलेले, रंगमंचावर बेताचा पिवळा-निळा प्रकाश, आणि आपली मुलगी लावणीच्या ठेक्यावर गिरकी घेते आहे. छोट्या कॅमेऱ्यावर या फोटोत एक तर काळोख येतो, नाही तर हातांच्या जागी फराटे उमटतात. समजा, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी, १६०० वर ठेवला आणि किट लेन्स झूमच्या टोकाला नेली. तिथे तिचं अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं. अशा मंचावर तेव्हा शटर साधारण १/६० सेकंदाचं मिळेल. गिरकी गोठवायला निदान १/२५० हवं, १/५०० असेल तर उत्तम. म्हणजे नवा डीएसएलआर, मोठा सेन्सर, सगळं असूनही हात फराटतातच. आता त्याच बॉडीवर ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स लावली की काय होतं पाहा. ५.६ भागिले १.८ आणि त्याचा वर्ग केला की साडेनऊच्या वर उत्तर येतं. ही लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते, तेवढ्याच प्रकाशात शटर १/६० वरून १/६०० च्या घरात जातं आणि बोटं स्पष्ट दिसू लागतात. कॅननची ही लेन्स अवघ्या १६० ग्रॅमची आहे आणि त्यांच्या यादीतल्या सर्वांत स्वस्त लेन्समध्ये तिची गणना होते. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स २००९ मध्ये खास एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी आली. ती घरातल्या खोलीत, बाळाच्या बारशाला, देवघराच्या उजेडात अधिक सोयीची, कारण ५० ची लेन्स लहान खोलीत फार जवळचं दाखवते.

याच्याशी बॉडीवर जादा पैसे घालण्याची तुलना करू. एपीएस-सी सोडून थेट फुल फ्रेम घेतला, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, तर क्षेत्रफळ वाढतं निकॉनच्या हिशोबात सुमारे २.४ पट. दोन-तीन वर्षं नव्या पिढीची बॉडी घेतली, तर त्याहूनही कमी फरक पडतो. म्हणजे जिथे बॉडीची किंमत कितीतरी पट वाढवून कमी उजेडात अडीचपट फायदा होतो, तिथे एक छोटी, झूम नसलेली लेन्स दहापट फायदा करून देते. 'आधी लेन्स' या म्हणण्यामागे एवढं साधं गणित आहे. झूम नाही ही तिची अडचण खरीच आहे. पुढे-मागे पायांनी सरकावं लागतं आणि सभागृहात मधल्या रांगेत बसलं तर तेही करता येत नाही. त्यासाठी जागा धरायला अर्धा तास आधी जाणं हाच उपाय. आणखी एक सांगायला हवं: घरच्या समारंभात माणसं एका जागी उभी असतील, तर लेन्सऐवजी वेगळा फ्लॅश घ्यावा आणि त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे करावं. छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो, चेहरे तेलकट चमकत नाहीत. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश समोरून थेट मारा करतो, त्याची आणि छोट्या कॅमेऱ्यातल्या फ्लॅशची जात एकच.

न जमलेला दुसरा फोटो म्हणजे निसटलेला क्षण. बटण दाबलं तेव्हा मूल हसत होतं, फोटोत मात्र पाठ फिरवलेली. इथे डीएसएलआरचा खरा कस लागतो, आणि हे काम स्वस्तातली स्वस्त बॉडीही चोख करते. लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळून व्ह्यूफाइंडरमधून आपल्या डोळ्याला दिसतो. या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा उजेड पलीकडे जातो, मागच्या छोट्याशा दुसऱ्या आरशावर आपटून खाली उतरतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. हा सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांची तुलना करून लेन्स पुढे न्यायची की मागे आणि साधारण किती, हे एका फटक्यात सांगतो. जुने छोटे कॅमेरे याउलट लेन्स हळूहळू सरकवत चित्र कुठे सर्वांत धारदार होतं ते चाचपडत शोधतात, थोडं पुढे जाऊन परत मागे येतात. निसटतो तो क्षण या चाचपडण्यात. पण ही चपळाई आरसा खाली असताना, म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरला लावला असतानाच मिळते. मागच्या पडद्यावर बघत फोटो काढायला लागलं की आरसा वर जातो आणि अनेक जुने डीएसएलआर पुन्हा चाचपडू लागतात. २०१३ च्या कॅनन ७०डी पासून मुख्य सेन्सरवरच तसा फोकस करायची सोय आली, पुढे ती २००डी सारख्या छोट्या बॉडीतही उतरली. ज्यांना पडद्याशिवाय चालतच नाही किंवा व्हिडिओ बराच करायचा आहे, त्यांनी ही एक गोष्ट बॉडी निवडताना जरूर पाहावी. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायची सवय करायची तयारी मुळीच नसेल, तर डीएसएलआर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्ष्यांचं गणित वेगळं. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी किंवा ठाण्याच्या खाडीतले थवे टिपायचे असतील, तर किमान ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स हवी. एपीएस-सी बॉडीवर ती फुल फ्रेमवरच्या सुमारे ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळचं दाखवते. बेताच्या पैशांत पक्षी टिपू पाहणाऱ्याला फुल फ्रेम उलट तोट्याचा पडतो. दिवसाउजेडी एफ ५.६ पुरतं, म्हणून ७०-३०० ची साधी लेन्सही चालते. मात्र ती हलणं आवरणारी, म्हणजे कॅननची आयएस किंवा निकॉनची व्हीआर असावी. हीच लेन्स त्या सोयीशिवाय स्वस्तात गळ्यात मारली जाते आणि हातात धरून काढलेले निम्मे फोटो वाया जातात. कासच्या पठारावरची फुलं, मुंग्या, कोळ्यांची जाळी यांचा नाद असेल, तर खरी मॅक्रो लेन्स घ्यावी आणि किट लेन्सकडून ती अपेक्षा सोडावी.

एवढं ठरलं की मग माउंट. लेन्स जिथे अडकते त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात आणि प्रत्येक कंपनीचं ते निराळं असतं. कॅननची लेन्स निकॉनवर बसत नाही. खरेदीच्या दिवशी आपण एका कंपनीच्या कुटुंबात लग्न लावतो असं नसलं, तरी तीन लेन्स झाल्यावर बाहेर पडणं महाग जातं. यातली सर्वांत फसवी गोष्ट एका बारीक स्क्रूची आहे. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. १९८६ मध्ये त्यावर सर्रास ऑटोफोकस मिळू लागला तेव्हा फोकसची मोटर बॉडीत ठेवली होती. माउंटच्या कड्यात डाव्या हाताला खाली एक चपट्या टोकाचा स्क्रू बाहेर डोकावतो, तो लेन्समधल्या खाचेत बसतो आणि फिरून लेन्सचा फोकस हलवतो. २००६ मध्ये आलेल्या डी ४० मध्ये निकॉनने आकार आणि किंमत उतरवायला ही मोटर काढून टाकली. पुढे डी ३००० आणि डी ५००० या दोन्ही मालिकांतल्या एकाही बॉडीत ती नाही. डी ९० मध्ये आहे, डी ७००० च्या मालिकेत आहे. परिणाम असा की ५० मिलिमीटर एफ १.८ ची 'डी' अक्षराची जुनी लेन्स स्वस्त दिसली म्हणून घेतली आणि डी ३५०० ला लावली, तर ती बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. धावणाऱ्या मुलामागे ते जमत नाही. डी ३५०० साठी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच लेन्स घ्यावी. आणि एएफ-पीचीही उलटी गंमत: त्या नव्या लेन्स डी ९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत, हातानेसुद्धा नाही. दुकानात लेन्स काढून माउंटच्या कडेला तो स्क्रू आहे का हे पाहायला पाच सेकंद लागतात. ती जरूर द्यावीत.

कॅननने हा गुंता १९८७ मध्ये एका घावात सोडवला. जुनं माउंट टाकून ईएफ आणलं आणि मोटर प्रत्येक लेन्सच्या आत बसवली. तेव्हाच्या ग्राहकांना आपल्या जुन्या लेन्स टाकाव्या लागल्या, पण त्यानंतरची कोणतीही ईएफ लेन्स कॅननच्या कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर स्वतः फोकस करते. नवख्या माणसाला सेकंडहँड बाजारात हा मोठा दिलासा आहे. लक्षात ठेवायचं एवढंच की ईएफ-एस अक्षरांच्या लेन्स फक्त एपीएस-सीसाठी आहेत, फुल फ्रेम कॅननवर त्या बसत नाहीत. पेंटॅक्सचं के माउंट १९७५ पासूनचं. त्यांच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हलणं आवरायची सोय बॉडीतच असते, त्यामुळे घरात कुणाची जुनी फिल्मच्या काळातली के माउंटची लेन्स पडून असेल तर तिलाही ती मिळते. अशा लेन्सचा वारसा असलेल्यांनी पेंटॅक्सचा विचार अवश्य करावा, मात्र आपल्या शहरात दुरुस्ती कुठे होते याची चौकशी आधी करून. मिनोल्टाकडून सोनीकडे आलेलं ए माउंट आणि ऑलिंपसचे फोर थर्ड्स डीएसएलआर, दोन्ही बंद झाले आहेत. आयती चांगली लेन्स मिळत असेल तरच तिकडे जावं.

या सगळ्यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे 'पुन्हा पुन्हा घेणं होत नाही, एकदाच काय ते चांगलं घेऊ'. घरखर्चातून पैसे बाजूला काढणाऱ्या माणसाचा हा विचार मला पूर्ण समजतो. पण एकदाच घ्यायची वस्तू कोणती, हे नीट पाहायला हवं. बॉडी म्हणजे बरीचशी इलेक्ट्रॉनिक्सची वस्तू. तिची किंमत पाच वर्षांत कोसळते. लेन्स म्हणजे काच, धातू आणि थोडी मोटर. १९८७ नंतरची ईएफ लेन्स २०२० च्या कॅननवर तितक्याच चोख चालते. म्हणून 'एकदाच चांगलं' हे लेन्सला लागू करावं. तरीही महागड्या बॉडीत काही गोष्टी अशा असतात की त्या दिवसातून पन्नास वेळा हाताखाली येतात, आणि त्या मी नाकारणार नाही. शटर आणि अ‍ॅपर्चर यांना दोन वेगळी चाकं असली की डोळा न काढता दोन्ही बदलता येतात. स्वस्त बॉडीत एकच चाक असतं आणि दुसऱ्यासाठी बटण दाबून धरावं लागतं. स्वस्त बॉडीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशांची जुळणी असते, वरच्या वर्गात अखंड काचेचा प्रिझम असतो. त्यातून चित्र मोठं आणि उजळ दिसतं, चष्मा लावणाऱ्याला तर फरक लगेच जाणवतो. या दोन गोष्टी हव्या असतील तर नवी साधी बॉडी घेण्यापेक्षा एक पिढी जुनी, मधल्या वर्गाची सेकंडहँड बॉडी घेणं शहाणपणाचं. निकॉनच्या डी ७००० मालिकेत तो फोकसचा स्क्रूही आपोआप पदरात पडतो.

दुसरा आक्षेप एकाच लेन्सचा. १८-२०० किंवा १८-३०० घेतली की बदलाबदलीची कटकट नाही, धूळ आत जात नाही, असं विक्रेता सांगतो आणि ते खरंही आहे. पण झूमच्या टोकाला ती एफ ५.६ किंवा ६.३ वर येते, कडा मऊ पडतात आणि गॅदरिंगचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. जड डबा गळ्यात अडकवून पुन्हा छोट्या कॅमेऱ्याचेच फोटो काढायचे झाले. लहान मुलांना घेऊन आठ दिवस प्रवासाला निघालेल्या आणि फक्त दिवसा फोटो काढणाऱ्या माणसाला मात्र ती योग्य आहे, हेही सांगितलं पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप काळाचा आहे. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आर ही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची माउंट्स आणली. २०२० नंतर या दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. नव्याने काढत राहिलं ते पेंटॅक्स. मग मावळत्या गोष्टीत पैसे का घालायचे? आणि हातातला फोन आहे तो वेगळाच. फोनचं आधी पाहू. फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकत्र विणतो आणि स्थिर दृश्यात थक्क करणारं चित्र देतो. पण फोनमधला मोठ्यातला मोठा, एक इंची म्हणवला जाणारा सेन्सरही ११६ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो, एपीएस-सीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आणि बहुतेकांच्या फोनमध्ये त्याहूनही लहान. मागच्या रांगेतून मंचावरची गिरकी किंवा पाण्यापलीकडचा पक्षी यांत विणकाम फारसं उपयोगी पडत नाही. बिनआरशाच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र हातचं राखून बोलायचं कारण नाही. ज्याच्याकडे बॉडी आणि दोन चांगल्या लेन्स एवढे पैसे नव्या बिनआरशाच्या माउंटवर घालायची ऐपत आहे, त्याने तोच घ्यावा. फोटो कसा येणार हे त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं आणि डोळ्यावरचा फोकस अचूक असतो. बाकीच्यांसाठी आजचा काळ उलट अनुकूल आहे. अनेक जाणकार तिकडे वळले, त्यांच्या चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या आहेत. बेताच्या रकमेत बिनआरशाची बॉडी आणि मिणमिणती किट लेन्स एवढंच येतं, तिथे डीएसएलआरची बॉडी, किट लेन्स आणि वर एफ १.८ ची लेन्स बसते. व्ह्यूफाइंडर काचेचा असल्याने बॅटरीही टिकते. निकॉन डी ३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १५५० फोटो देतो. आणि पुढे वळायचं झालं, तर ईएफ लेन्स कॅननच्या अडॅप्टरवरून आर माउंटवर नीट चालतात. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे एएफ-एस लेन्स तिकडे स्वतः फोकस करतात आणि स्क्रूच्या लेन्स करत नाहीत. आज लेन्स घेताना हाही विचार करून ठेवावा.

पैशांची वाटणी सांगायची तर, हाताशी असलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग बॉडीवर जाऊ देऊ नये, आणि थोडे पैसे पावसाळ्यासाठी बाजूला ठेवावेत. कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कातडी बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. सुरुवातीला ती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काढते, मग काचेवरचा थर खाऊ लागते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवायचं. याच कारणाने सेकंडहँड लेन्स घेताना फोनचा टॉर्च मागून लावावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं आणि समोरून तिरकं बघावं. दोन-चार धुळीचे कण दिसले तर चालतील, फोटोत ते येत नाहीत. पण काठाकडून आत पसरलेले धागे किंवा दुधाळ धुरकटपणा दिसला तर लेन्स कितीही स्वस्त असो, परत करावी. साफ केली तरी खाल्लेला थर भरून येत नाही. बॉडीचं शटर किती वेळा पडलं आहे तो आकडा विचारावा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. वीस-तीस हजार वेळाच शटर पडलेली बॉडी नि:शंक घ्यावी. एफ १६ लावून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा, सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांनी लगेच दिसते. नवं घेत असाल, मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारला किंवा आपल्या गावच्या दुकानात, तर बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्यावी. बिल नको म्हटलं की किंमत उतरते, तो माल बाहेरून आलेला असतो आणि बिघडला की कंपनीचं सेवा केंद्र वॉरंटी मानत नाही. आणि दोन-तीन बॉडी काउंटरवर मागवून प्रत्येकीवर आपण ठरवलेली लेन्स चढवायला सांगावी, व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक आपल्या नंबराप्रमाणे फिरवून आतले आकडे स्पष्ट करून घ्यावेत, आणि कॅमेरा निदान दहा मिनिटं एका हातात धरून उभं राहावं. करंगळी खाली लोंबकळत असेल तर ती बॉडी आपल्या हाताची नाही, दुसरी मागवावी.